लवचिक पदवीचा शेवटचा विषय

ब्रॅनिक, नेब्रास्का
पंप हाऊस, मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं

ती. सौ. मार्लिसताईस,
धाकट्या लायलचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. ‘सर्व ठीक’ हे शब्द लोक काही न मोजता लिहितात, म्हणून सर्व म्हणजे काय ते लिहितो. टाकीत पाणी एकोणतीस फूट चार इंच, मुख्य वाहिनीतला दाब बासष्ट पौंड, क्लोरीन ठरल्याप्रमाणे. कॉनीही ठीक आहे (हे तिला विचारून लिहिलं, म्हणाली, ‘ठीक लिही, आणि तिथेच थांब’). रॉजर भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं तू ख्रिसमसच्या फोनवर म्हणाली होतीस. डावा की उजवा ते सांगितलं नाहीस, त्यामुळे नेमकी चौकशी करता येत नाही. दोन्हींची करतो. तुझी तब्येत बरी असेलच, कारण बरी नसती तर तू फोन चार मिनिटांत आवरला नसतास. तुला वाटेल, दर ख्रिसमसला चार मिनिटं बोलणारा हा भाऊ आज एकाएकी पत्र का लिहितोय. काही कारण नाही. बहिणीला पत्र लिहायला कारण लागतं असं कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही, आणि मी किती पुस्तकं वाचली आहेत हे तुला माहीत आहे.

तर झालं असं. म्हाताऱ्या एमिल ड्वोराचेकने तीन वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या प्रमुखाची खुर्ची सोडली, आणि ती माझी हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. पस्तीस वर्षं मी या गावाला पाणी पाजतोय. कुठल्या गल्लीखाली कुठल्या सालचा पाइप आहे, कुठला व्हॉल्व्ह उलटा बसवलाय आणि तो कुणी बसवला, हे नकाशावर नाही, माझ्या डोक्यात आहे (नकाशावरही आहे, मी काढलेल्या नकाशावर. गावाच्या नकाशात सात चुका आहेत). पण गावाच्या मंडळाला कुठूनसा एक छापील फॉर्म आला आणि त्यात एक रकाना निघाला: प्रमुखाची पदवी. रकाना रिकामा ठेवला तर विमा कंपनी प्रश्न विचारते म्हणे. मंडळाचा अध्यक्ष गॅरी, तोच ट्रॅक्टरचे टायर विकणारा, मला कॉफी पाजून म्हणाला, ‘लायल, कशातलीही पदवी चालेल रे. अगदी कशातलीही. नुसता रकाना भरायचाय.’ मी विचारलं, गॅरी, तुझी पदवी कशातली? तर म्हणतो, ‘मला लोकांनी निवडून दिलंय. निवडून यायला काही लागत नाही.’ ठरलं असं की तोवर मी प्रभारी प्रमुख. यंदाच्या एक जूनपर्यंत पदवीचा कागद आणला तर खुर्ची माझी, नाहीतर ट्रेंट नावाच्या पोराची. ट्रेंटकडे पदवी आहे. गोल्फच्या हिरवळीची निगा राखण्यातली. पाण्याशी त्याचा संबंध फवाऱ्यापुरता. मागच्या उन्हाळ्यात मी त्याला एक व्हॉल्व्ह पाव फेरा उघडायला सांगितला, त्याने पाव सोडून उरलेले सगळे फेरे उघडले, आणि चोवीस मिनिटांत टाकी नऊ फुटांनी खाली आली. त्याच्याकडे कागद आहे, ताई. माझ्याकडे घड्याळ होतं, म्हणून चोवीस मिनिटं हे कळलं.

म्हणून मी काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात गेलो. तिथे एक पदवी मिळते, तिचं नाव सर्वसाधारण अभ्यास. हॉटेलात जाऊन कुणी ‘काहीही आण’ म्हणावं तशी ही पदवी आहे. माहितीपुस्तकात तिच्याविषयी एका पानात ‘लवचिक’ हा शब्द पाच वेळा आलाय. मार्गदर्शन करायला केली नावाची एक मुलगी होती. वय चोवीस, हातात एवढा मोठा थंड कॉफीचा पेला, आणि पहिल्याच वाक्यात मला ‘लायल’. म्हणाली, ‘लायल, ही तुमची पदवी आहे! तुम्हीच तिला आकार द्यायचा!’ मी म्हटलं, छान, मग मला साठ क्रेडिटं पंपांची दे. म्हणाली, ‘पंप नाही यात.’ मग पाइप? ‘पाइपही नाही.’ मग काय आहे? तर तिने एक तक्ता काढला. या यादीतून तीन विषय आपल्या मर्जीने घ्यायचे, यादीत विषय तीनच. त्या यादीतून दोन मर्जीने घ्यायचे, पण ते आधीच्या तिनांपैकी असता कामा नयेत. सर्वांत खाली ‘मुक्त ऐच्छिक’ असा एक रकाना होता आणि त्यावर तारा काढला होता. ताऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मुक्त ऐच्छिकासाठी मंजुरी लागेल. मी भिंग लावून वाचलं (भिंग मी जवळ बाळगतो). लवचिक म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. वाकायचं आपण.

पस्तीस वर्षांच्या अनुभवाचीही क्रेडिटं देतात असं केलीने सांगितलं. मी एकशे बारा पानांचं बाड करून दिलं: आकृत्या, तक्ते, एकोणीसशे नव्वदपासूनची रोजची नोंद. दोन महिन्यांनी समितीचा निकाल आला. पर्यावरण विज्ञानाची तीन क्रेडिटं मंजूर, प्रयोगशाळेचं एक नामंजूर, कारण उमेदवाराने प्रयोग अधिकृत देखरेखीखाली केल्याचा पुरावा नाही. आता त्या समितीच्या बैठकीत टेबलावर जो पाण्याचा जग असणार, त्यातल्या पाण्याची तपासणी रोज सकाळी सहाला मी करतो. ते पाणी पिऊन पिऊनच त्यांनी ठरवलं की मला पाणी तपासता येत नाही. ते एक क्रेडिट मी मग एका सतरा वर्षांच्या मुलीशेजारी गॉगल लावून बसून मिळवलं. ती मला विचारायची, ‘आजोबा, हे निळं का झालं?’ मी आजोबा नाही. निळं का झालं ते सांगितलं.

पहिल्या सत्रात ‘विद्यार्थीदशेचा अनुभव’ नावाचा विषय सक्तीचा होता. त्यात दप्तर कसं लावावं, वेळापत्रकात चौकोन कसे आखावेत आणि घरची आठवण आली तर काय करावं हे शिकवतात. माझं घर कॉलेजपासून अकरा मिनिटांवर आहे आणि आठवण यायच्या आत कॉनीचा फोन येतो. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी चिली म्हणजे राजम्याचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल आणले, रडारड झाली, आणि मला पंचाण्णव गुण मिळाले. कापलेले पाच कशाचे म्हणून विचारायला गेलो तर मास्तर म्हणाले, ‘तुम्ही तुमच्या भावना वाटून घेतल्या नाहीत.’ मी रोल वाटले होते. चोवीस.

मग शारीरिक शिक्षण: चालणे. खरंच सांगतो ताई, एक क्रेडिट, मंगळवार-गुरुवार, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधून जिममध्ये गोल गोल चालायचं. मी रोज पाइपलाइनच्या कडेने सहा मैल चालतो, पण ते सरळ असतं, त्याला क्रेडिट नाही. तिसऱ्या आठवड्यात पिण्याच्या नळाशी गळती दिसली म्हणून थांबलो, खिशातला पान्हा काढून नट आवळला, आणि परत चालू लागलो. घड्याळाने कळवलं की विद्यार्थ्याचे ठोके मध्येच उतरले. दोन गुण गेले. गळती थांबली त्याचे गुण नाहीत, तसा रकाना नाही.

असे दोन हिवाळे गेले. आता जे सांगतो ते नीट वाच, कारण हे आजवर त्या कॉलेजात कुणालाही जमलेलं नाही. माहितीपुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं (केली म्हणाली, ‘ते वाचतं कोण?’). पान दोनशे चौदावर एक कलम सापडलं. विद्यार्थी ज्या वर्षी प्रथम दाखल झाला त्या वर्षीच्या नियमांनुसार पदवी मागू शकतो, मात्र त्याचं नाव मधल्या काळात कधीही पटावरून कमी झालेलं नसावं. आता शहाण्णव सालच्या हिवाळ्यात मी तिथे रात्रीचा वेल्डिंगचा वर्ग केला होता. तेव्हा ग्रंथालयातून वेल्डिंगचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात चुका निघाल्या. चुकीचं पुस्तक तसंच परत करणं मला बरं वाटेना, म्हणून मी ते दुरुस्त करत होतो, आणि ते काम लांबलं. पुस्तक परत न आल्यामुळे ग्रंथालयाने माझं खातं बंद केलं नाही, खातं बंद न झाल्यामुळे नोंदणी कार्यालयाने नाव काढलं नाही. थोडक्यात, मी एकोणतीस वर्षं त्या कॉलेजचा अखंड विद्यार्थी आहे, इमारतीतली कुठलीही खुर्ची माझ्याएवढी जुनी नाही. ते पुस्तक मी नोंदणी कार्यालयाच्या काउंटरवर ठेवलं. एक्केचाळीस दुरुस्त्या, पेन्सिलीने, समासात. तिथल्या बाई आत गेल्या, आतून एक गृहस्थ आले, त्यांनी कलम वाचलं, मला वाचलं, पुन्हा कलम वाचलं आणि म्हणाले, ‘हे कलम काढायचं राहून गेलं.’ राहिलं तर राहिलं. शहाण्णवचे नियम मला लागू झाले, जागतिक संस्कृती आणि संगणक-परिचय असे दोन विषय एका फटक्यात उडाले. निर्णय बदलता येणार नाही अशा फॉर्मवर सही केली, शिक्का मीच मारून घेतला, जरा दाबून. त्या रात्री कॉनीने चेरीचा केक केला होता. (माझ्यासाठी नव्हे, चर्चसाठी, पण योग जुळला.)

शहाण्णवच्या नियमांत पान उलटल्यावर एक तळटीप आहे. जुन्या छपाईत तळटिपा पुढच्या पानावर टाकायचे, ही छापणाऱ्याची चूक आहे. तीत लिहिलंय: पत्रलेखन, तीन क्रेडिटं, सक्तीचं. नव्या नियमांत हा विषय नाही. पत्रं कुणी लिहीत नाही म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो बंद केला. मी केलीकडे गेलो आणि म्हटलं, नवे नियमही तसे वाईट नव्हते. तिने तो फॉर्म काढला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्का फारच स्पष्ट उमटलाय.

कॉलेजचाही नाइलाज होता. त्यांनी ऑस्टडिक बाईंना निवृत्तीतून बोलावून आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, आणि एवढ्या वर्षांनी कुणीतरी पत्र शिकायला आलं याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. वर्गात विद्यार्थी मी एकटा. मागच्या बाकावर बसलो तर म्हणाल्या, ‘पुढे या कुचेरा, मला ओरडायला लावू नका.’ हजेरी त्या रोज घेतात. पूर्ण नाव पुकारतात, आणि मला ‘हजर’ म्हणावं लागतं. पहिलं पत्र तक्रारीचं होतं. ते मी मंडळाला लिहिलं, नऊ पानं, मुद्दे अकारविल्हे. बाई म्हणाल्या, ‘उत्तम. हे तुम्हाला शिकवायची गरज नाही.’ दुसरं सांत्वनाचं. त्याच आठवड्यात एमिल गेला होता (तुला कॉनीने कळवलं असेलच), म्हणून मी खरंखुरंच त्याच्या बायकोला लिहिलं: एमिलच्या हातून कुठल्या साली कुठला पंप बसला, आणि वर्तमानपत्रातल्या बातमीत त्याच्या नोकरीची वर्षं बेचाळीस छापलीत ती एक्केचाळीस आहेत. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, ‘पंप दिसले. एमिल कुठे आहे?’ आता एमिल कुठे आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, मेथॉडिस्टांच्या दफनभूमीत, उत्तरेकडची तिसरी रांग. पण त्यांना ते उत्तर नको होतं. कॉनीला दाखवलं तर म्हणाली, ‘बाई बरोबर बोलतात. पस्तीस वर्षं मीही हेच विचारतेय.’ काय विचारतेय, ते मात्र तिने सांगितलं नाही. बायका प्रश्न अर्धाच विचारतात आणि उत्तर पुरं मागतात.

तर एवढाच विषय उरलाय, आणि त्यातलंही एक किरकोळ काम. ते झालं की पदवी, पदवी आली की रकाना, रकाना भरला की खुर्ची. न झालं तर एक जूनला ट्रेंट टाकीची किल्ली घेईल, आणि या गावातल्या आंघोळी जपून कराव्या लागतील. तू म्हणशील, मग तीन वर्षं शिकून काय मिळवलंस? खरं सांगायचं तर जे होतं त्यात काहीच भर पडली नाही. कागद हा कागदच. हे मी अठराव्या वर्षीही म्हणत होतो, आजही म्हणतो. ज्याला पंप कळतो त्याला पंप कळतो, आणि ज्याला कळत नाही त्याला पदवी देतात. (हे तुला उद्देशून नाही. तुला शाळा चालवायला पदवी लागत असेल. शाळेला दाब नसतो.)

रॉजर भावोजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं. मुलांना आशीर्वाद. तिकडच्या नळाचं पाणी पांढरट येतं असं तू म्हणाली होतीस, ती हवा असते. पेला भरून दोन मिनिटं ठेव, खालून वर निवळत जाईल. वरून खाली निवळलं तर मला कळव.

तुझा भाऊ,
लायल कुचेरा
प्रभारी प्रमुख, ब्रॅनिक पाणीपुरवठा

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. पत्र पोचलं एवढ्यापुरती त्यावर पत्र घेणाऱ्याची सही लागते, आणि फॉर्म बारा मेच्या आत बाईंच्या हाती पडायला हवा. किरकोळ काम म्हणालो ते हेच. विषयाचं शेवटचं पत्र खरंखुरं, टपालाने, नात्यातल्या माणसाला लिहायचं असतं. तेव्हा वर कारण नाही असं लिहिलंय, तिथे ‘एक कारण’ असं वाचावं. सही काळ्या शाईने कर.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र बाईंना दाखवावं लागतं, तसं गुरुवारी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. वेल्डिंगच्या पुस्तकापाशी हसल्या, मग पत्र माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, ‘कुचेरा, यात मंडळाच्या चुका आहेत, कॉलेजच्या आहेत, छापखान्याच्या आहेत, त्या बिचाऱ्या घड्याळाची आहे. नियम काय होता?’ नियम असा आहे की या पत्रात लिहिणाऱ्याने आपली एक चूक कबूल करायची. हिशेबाची चालत नाही. मी म्हटलं, सापडली नाही. म्हणाल्या, ‘मग तीन क्रेडिटंही सापडणार नाहीत. घरी जा आणि विचारा.’ घरी जाऊन कॉनीला विचारलं. तिने ताट बाजूला सारलं, हात पुसले आणि बोटं मोजायला लागली. अकराव्याला मी तिला थांबवलं. त्यातली एक घेऊन परत गेलो (तिच्या आईच्या केकचं वजन केलं होतं ती), तर बाई म्हणतात ती चालणार नाही. ज्याला पत्र लिहिलंय त्याच्याबाबतीत केलेली चूक हवी. मी म्हटलं, बहिणीच्या बाबतीत माझी कसली चूक? आम्ही वर्षातून चार मिनिटं बोलतो.  बाई हजेरीचं पुस्तक मिटून म्हणाल्या, ‘तेच लिहा.’

ता. क. तिसरा. एक्क्याण्णव साल, मे महिना, शनिवार. तुझ्या पदवीदानाचा दिवस. दोन नंबरचा पंप बिघडला म्हणून मला येता आलं नाही असं मी सांगितलं होतं.

पंप बिघडला नव्हता.

सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत मी पंप हाऊसमध्ये बादली उपडी घालून बसलो होतो आणि तो पंप समोर चालू होता. एकदाही अडखळला नाही. मी अंगात कोट घालून बसलो होतो, म्हणजे निघालो होतो, हे तुझ्या लक्षात यावं. आपल्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबांनी आठवडाभर गावात सांगत फिरावं, आमची मार्लिस, आमची मार्लिस, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने माझ्याकडे वळून विचारावं, आणि तू रे? म्हणून मी कागद हा कागदच असं म्हणायला लागलो. एकदा म्हटलं की ते खरं ठेवावं लागतं, म्हणून चौतीस वर्षं म्हणत राहिलो. आई शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसली होती, मी उशिरा का होईना येईन म्हणून, आणि शेवटपर्यंत तिने ती उचलली नाही, हे तूच नंतर सांगितलंस. बाबा संध्याकाळी पंप हाऊसवर आले, मला पाठीवर थोपटून म्हणाले, बरं झालं तू होतास, गाव कोरडं पडलं असतं. मी पान्हा हातात धरून उभा होतो. त्या दिवसाच्या नोंदवहीत मी ‘पंप दोन, दुरुस्ती, सहा तास’ असं लिहिलं आहे. पस्तीस वर्षांच्या नोंदींत तेवढी एकच ओळ खोटी आहे, आणि समितीला दिलेल्या एकशे बारा पानांतही ती तशीच गेली.

ता. क. शेवटचा. बाईंनी वरचं वाचलं. काही लिहिलं नाही, लाल शाईने नाही की कुठल्याच नाही. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं असतं, पण मी ते परत आणलं, कारण एक सांगायचं राहिलं होतं. फॉर्मवरची सही म्हणजे पत्र पोचलं एवढंच, माफ केलं असा तिचा अर्थ होत नाही. त्यासाठी वेगळा रकाना आहे का म्हणून मी फॉर्म दोन्ही बाजूंनी तपासला. नाही.

आमचा समारंभ सतरा मेला, शनिवारी, सकाळी दहाला, मी गोल गोल चाललो त्याच जिममध्ये. काळा झगा आलाय, बाह्या पाऊण इंच लांब होत्या, कॉनीने आत घेतल्या. तिसऱ्या रांगेत सातवी आणि आठवी अशा दोन खुर्च्यांवर नावं लावून ठेवली आहेत. तिथून खांब आड येत नाही, मी बसून पाहिलंय. तुमच्या घरापासून गाडीने सहा तास चाळीस मिनिटं, भावोजींच्या गुडघ्यासाठी वीस जास्त धर. यायलाच हवं असं नाही. नाही जमलं तर नाही. पण पंप बिघडला म्हणून कळवू नकोस. तुमच्याकडे पंप नाही.